खिडकीतली पाचर

८ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा निरोप मिळाला. मीही ठीक आहे. फोनवर मला फारसं बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि तूही हल्ली कायम मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहितो. तुझी ताई असती तर म्हणाली असती, "चला, शेवटी तोंड उघडलंत, तेही कागदावर."

घर हळूहळू जागेवर येतं आहे. माणसांची ये-जा थांबली. समोरच्या काकू दोन्ही वेळचा डबा पाठवत होत्या, त्यांना परवा नको म्हटलं. मला दोन-तीन गोष्टी करता येतात, तेवढ्यावर एका माणसाचं भागतं. सोमवारपासून ऑफिसला जातो. एरवी मी बाजारात दिसलो की दुकानदारांची तारांबळ उडायची, वजनमाप खात्याचा माणूस म्हणजे बिनबोलावलेला पाहुणाच. आता मला पाहून सगळे गप्प होतात. परवा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने आपण होऊन काटा पुढे सरकवला. म्हणाला, "तपासा साहेब, आज तरी खोट निघायची नाही." ही त्याची सांत्वनाची रीत. मी तपासला. खोट नव्हती.

त्या दिवसांत तू फार धावपळ केलीस. हॉस्पिटलचे, पोलिसांचे सगळे सोपस्कार तूच निभावलेस. मला काही सुचत नव्हतं. तू एकदाही रडला नाहीस याचं तुमच्या मावशींना नवल वाटलं. मला वाटलं नाही. आपल्या घरात रडण्याचं खातं तुझ्या ताईकडे होतं.

तुझ्या कंपनीतले दोघे येऊन गेले. फार अदबीने बोलले. त्यांचं म्हणणं असं, की गॅसच्या गीझरमध्ये काही दोष नव्हता, बाथरूमची खिडकी बंद होती म्हणून वायू कोंडला. 'हवा खेळती ठेवा' असं माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानावर छापलेलं आहे. तरीही माणुसकी म्हणून नवं मॉडेल फुकट बसवून देऊ म्हणाले. त्यात एक झडप आहे म्हणे, वायू साठू लागला की ज्योत आपोआप विझते. मी विचारलं, "ही झडप आधीच्यात का नव्हती?" त्यांच्यातला तरुण म्हणाला, "तंत्रज्ञान पुढे जातच असतं, काका." बदल्यात एक सही हवी होती, या प्रकाराबद्दल बाहेर कुठे बोलणार नाही म्हणून. मी चहा केला. सही केली नाही. चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा डोळ्यांवरच होता, पण ते इतके सभ्य होते की त्यांनी तसं म्हटलं नाही.

ग्राहकांच्या कायद्यात सुधारणा करण्यासाठी सरकारने समिती नेमली आहे, हे तू वाचलं असशील. एक नवं कलम सुचवलं आहे. आपल्या मालात जिवाला धोका आहे असं कंपनीला कळलं, तर तिने ते गिऱ्हाइकांना ताबडतोब सांगायचं, मालकांचं नुकसान होईल या सबबीवर दडवायचं नाही. त्यांनी मला म्हणणं मांडायला बोलावलं आहे. चार माणसांत मी काय बोलणार? अजून काही ठरवलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगायचं, आठवतं? आता डुगडुगत नाही. काल केर काढताना वाकून पाहिलं तर एका पायाखाली लाकडाची पाचर. कानस मारून गुळगुळीत केलेली, एका टोकाला निमुळती. हे काम तुझ्याच हातचं. गेल्या वर्षी आला होतास तेव्हा बाथरूमच्या खिडकीत बसवली होतीस, तीच असावी. कशासाठी बसवली होतीस ते आता नीटसं आठवत नाही. सवडीने लिही.

जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा,
भावोजी


२ फेब्रुवारी

धाकट्यास आशीर्वाद.

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं का होईना, आलं. पाचरेबद्दल तू लिहिलं आहेस, "असेल. आठवत नाही."

मला आठवतं. मागच्या पत्रात 'नीटसं आठवत नाही' असं लिहिलं, ते तुला सोपं जावं म्हणून.

तू आलास तो चहाही न घेता थेट बाथरूममध्ये गेलास. पिशवीतून पाचर काढलीस आणि खिडकीच्या चौकटीत बसवून पाहिलीस. अगदी मापात बसली. म्हणजे आधी कधीतरी माप घेऊन गेला असणार. तुझी ताई पदराला हात पुसत आली.

"अरे, आल्या आल्या काय सुतारकी मांडलीस?"

"ताई, ही खिडकी बंद करायची नाही."

"का? माझं गाणं गल्लीला ऐकवायचंय?"

"कोंदट होतं गं. भिंतीला बुरशी धरते."

"आणि थंडीत मी कुडकुडत आंघोळ करू?"

"कर."

"वा रे वा! गरम पाण्याची सोय करून देणारा हाच, आणि गारठ्यात उभी कर म्हणणाराही हाच."

गीझर तुझाच होता. या कंपनीत नोकरी लागल्यावर तू हौसेने आणून बसवलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती नळ सोडून दाखवायची, "हात लावून बघा, माझ्या भावाने दिलाय." लोक बिचारे हात भाजून घ्यायचे आणि छान म्हणायचे.

मग तू खिळा आणि हातोडी काढलीस. तिने तुझं मनगट धरलं. "खिळाबिळा मारायचा नाही हं. आत्ता कुठे रंग वाळलाय." तू हातोडी खाली ठेवलीस आणि तिच्याकडे बघत राहिलास. मी दारात उभा होतो. मला वाटलं, तू काहीतरी सांगणार आहेस. तू म्हणालास, "बरं, चहा टाक."

थंडी पडली तेव्हा तिने पाचर काढली आणि टेबलाखाली सरकवली. म्हणाली, "माझ्या भावाच्या हातचं लाकूड आहे, फुकट कशाला घालवायचं?"

हे सगळं आता का लिहितो, ते सांगतो. मागच्या रविवारी मावशींकडे गेलो होतो. हात धुवायला बाथरूममध्ये गेलो तर तुमच्याच कंपनीच्या गीझरशेजारच्या खिडकीत तशीच पाचर. तेच लाकूड, तोच उतार. फक्त तिथे दोन खिळे ठोकलेले होते.

मी विचारलं, "मावशी, ही कुणी बसवली?"

"कोण बसवणार? आमचे भाचेराव. मी म्हटलं, अरे, माझे सांधे दुखतात, गार वारा लागतो. तर म्हणाला, मावशी, माझ्या गळ्याची शपथ, ही काढायची नाही. आणि स्वतःच्या घरी बघा, विजेचा गीझर, तोही दुसऱ्याच कंपनीचा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"शपथ कशाला, ते नाही विचारलंत?"

"विचारलं की! म्हणाला, कारण विचारू नकोस, नोकरीचा प्रश्न आहे. असेल काहीतरी साहेबलोकांचं नवं खूळ, म्हणून मी गप्प बसले. तुम्ही का असे पांढरे पडलात, जावईबापू?"

मी ऊन लागलं म्हणालो. त्या दिवशी ऊन नव्हतं.

बुधवारी तुमच्या कंपनीचा मेकॅनिक नवं मॉडेल घेऊन दारात हजर. मी सही केलेली नाही हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला बसवू दिलं नाही, पण माणूस खोकं खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आलेला, म्हणून बस म्हटलं. पाणी पिताना त्याची नजर टेबलाच्या पायाकडे गेली.

"ही टेस्टिंगवाल्यांची पाचर इथे कशी, साहेब?"

"म्हणजे काय?"

"आमच्या टेस्टिंगमध्ये एकजण आहे, हात चांगला आहे त्याचा. त्यानेच सगळ्यांना करून दिल्यात. माझ्याही घरी आहे. आमच्या कंपनीच्या माणसाचं घर ओळखायचं असेल ना, तर बाथरूमची खिडकी बघायची. लागतच नाही ती." तो हसला. मग त्याने भिंतीवरचा फोटो पाहिला आणि त्याचं हसू तिथेच थिजलं.

मी विचारलं, "आणि गिऱ्हाइकांच्या घरी?"

त्याने ग्लास खाली ठेवला. मग थोडं थोडं करून सांगितलं. काजळी धरली की वायू मागे फिरतो आणि ज्योत विझत नाही, हे तुमच्या चाचणीत दिसलं होतं. वर कळवलंही होतं. वरून आलं, की झडपेचं मॉडेल पुढच्या हंगामात काढू, तोवर आहे तो माल संपू द्या, आणि बाहेर कुणी चकार शब्द काढायचा नाही. "आम्ही घरोघरी जातो साहेब. गिऱ्हाइकाला सांगावंसं वाटतं. पण मलाही पोरंबाळं आहेत." एवढं बोलून तो खोकं उचलून निघाला. जिन्यात थांबून म्हणाला, "माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

धाकट्या, तू पाचरी केल्यास. कचेरीतून घरी जाऊन एकेक लाकूड कापलंस, घासलंस. एवढी मेहनत तू केलीस, आणि एक वाक्य तेवढं केलं नाहीस. 'ताई, खिडकी लावलीस तर जीव जाईल.' ती डॉक्टरचं ऐकायची नाही, माझं तर नाहीच नाही. तुझं ऐकायची. तू सांगितलं असतंस तर तिने खिडकीच काय, भिंत पाडली असती.

तुझी आई गेली तेव्हा तू दप्तर आणि उशी घेऊन आमच्याकडे आलास. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल लोक हळहळायचे तेव्हा ती म्हणायची, "आहे की एक, आणलेला." यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

समितीपुढे मी जाणार आहे. सहा मार्चला बैठक आहे. कंपन्यांचं म्हणणं आहे की असले धोके आधी कुणाला कळतच नाहीत, मग सांगण्याची सक्ती कसली. कलम राहतं की जातं ते यावर ठरेल. तू ये. तुला काय म्हणायचं ते मी शिकवणार नाही, चाचणीत पाहिलंस तेवढंच सांग. नोकरी जाईल, हे मला कळतं. इथे घर आहे. आम्ही दोघं भरपूर जागा वापरत होतो, आता ती रिकामीच आहे.

वाट पाहतो.

भावोजी


९ मार्च

धाकट्यास,

तू आलास. दालनाच्या दारात तुला पाहिलं आणि मला आनंद झाला, उगाच खोटं कशाला लिहू. तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. तिच्यावर माझी पिशवी होती, ती उचलून मांडीवर घेतली. तू माझ्यासमोरून गेलास आणि पलीकडे कंपनीच्या वकिलांच्या मागे जाऊन बसलास. मी पिशवी पुन्हा खुर्चीवर ठेवली.

तुमचे वकील चांगलं बोलतात. म्हणाले, कंपनीचं पहिलं उत्तरदायित्व तिच्या मालकांशी, म्हणजे ज्यांनी विश्वासाने पैसा गुंतवला त्या भागधारकांशी. प्रत्येक शंकेची दवंडी पिटायची ठरवली तर कुठलाच कारखाना चालणार नाही, हजारो चुली विझतील. हे ऐकताना मला मंडईतली भाजीवाली आठवली. तिच्या पारड्याखाली मी एकदा चिकटवलेलं लोहचुंबक पकडलं होतं. तीही म्हणाली होती, "साहेब, पोट आहे हो." मी तिचा काटा जागच्या जागी जप्त केला. नियमच आहे तसा, छटाकभर कमी भरलं तरी काटा जप्त. तुमच्या वकिलांचं म्हणणं तेच होतं, फक्त त्यांच्याकडे पोटाला भागधारक म्हणतात आणि जप्तीचा नियम अजून व्हायचा आहे.

अध्यक्षबाईंनी सरळ विचारलं, "या दोषाची कंपनीत कुणाला आधी कल्पना होती का?"

"कुणालाही नव्हती. असती तर आमच्याच कर्मचाऱ्यांनी हा गीझर आपल्या माणसांच्या घरी बसवला असता का? ज्या दुर्दैवी बाईंचा मृत्यू झाला, त्यांना तो त्यांच्या सख्ख्या भावाने दिला होता. ते आमच्या चाचणी विभागात आहेत. आज इथे हजर आहेत." वकील वळले आणि त्यांनी तुझ्याकडे हात केला.

तू मान डोलावलीस.

तुला कशासाठी आणलं होतं, ते तेव्हा मला कळलं. माझं पत्र तुला मिळालं नसेल, अशी एक वेडी शंका तोवर मनात होती. पण तू माझ्याकडे पाहत नव्हतास, यावरून ते मिळालं होतं हे समजलं.

मी उठलो. बोलायचं म्हणून जे लिहून नेलं होतं ते पिशवीतच राहिलं. पाचर काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. मागे कुणीतरी हसलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"पाचर."

"ती दिसते आहे. कशाची?"

"आमच्या बाथरूमच्या खिडकीची. खिडकी बंद होऊ नये म्हणून."

"कुणी बसवली होती?"

"ज्याने गीझर दिला, त्यानेच."

मग कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि तुला विचारलं, "ही तुम्ही बसवली होती?"

तू उभा राहिलास. तुझा सदरा नवीन होता. कॉलर टोचत असल्यासारखी तू मान फिरवलीस. लहानपणी शाळेतून तक्रार आली की तू असाच उभा राहायचास, आणि ती तुझ्यापुढे येऊन उभी राहायची, "त्याला काय विचारता, मला विचारा." या वेळी तुझ्यापुढे कुणी नव्हतं.

"मला आठवत नाही," तू म्हणालास.

मला मेकॅनिकबद्दल सांगता आलं असतं. त्याला शब्द दिला होता. मावशींबद्दल सांगता आलं असतं. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. म्हणून मी खाली बसलो, आणि टेबलावर नुसतं लाकूड राहिलं. तुमचे वकील म्हणाले, "असलं लाकूड कुठल्याही घरात सापडतं." बैठक संपताना कलमाचा नवा मसुदा वाचून दाखवला. धोका कळल्यावर नव्हे, धोका सिद्ध झाल्यावर कंपनीने कळवायचं. म्हणजे माणूस मेल्यावर. एकवीस तारखेला शेवटची बैठक आहे, तोवर कुणाला आणखी काही मांडायचं असेल तर मांडावं, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. पाचर त्यांनी ठेवून घेतली. एका शिपायाने तिला दोरा बांधून चिठ्ठी लावली.

बाहेर तू गाडीत बसताना मला दिसलास. तूही मला पाहिलंस. काच खाली केली नाहीस. वर्षभर खिडक्या उघड्या ठेवायला सांगत फिरलास, म्हणून लिहिलं.

काल मी मावशींकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. महिनाभर टाळत होतो, म्हातारं माणूस आहे, धसका घेईल म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. काठी टेकत बाथरूममध्ये गेल्या, खिडकीतल्या खिळ्यांवर हात फिरवला आणि कॉटवर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, मी येते तुमच्या समितीपुढे. ही चौकट सुतार बोलावून अख्खी काढून घ्या, सोबत नेऊ. हे आठवत नाही म्हणायला त्याला जड जाईल. खिळे आहेत."

मी म्हटलं, "त्याची नोकरी जाईल, मावशी. आणखीही काही होईल."

"होऊ दे. त्याच्या शपथेवर मी जिवंत आहे, तर बोलायला नको?"

थोड्या वेळाने त्यांनी एक विचारलं. ते तुझ्याकडे पाठवतो आहे. त्या म्हणाल्या, "मला शपथ घातली. मग तिलाच का नाही घातली हो त्याने?"

मी रात्रंदिवस हाच विचार करतो. मला वाटतं, मावशींनी कारण विचारलं तर तू त्यांना गप्प करू शकत होतास. ती गप्प बसली नसती. तिने तुझ्याकडून खरं काढून घेतलं असतं, आणि मग गल्लीतल्या प्रत्येक दारावर जाऊन सांगितलं असतं, कारण तुझा गीझर पाहून तिच्याच सांगण्यावरून चार घरांनी तो घेतला होता. तेवढं तुला परवडणारं नव्हतं. हे चूक असेल तर एकवीस तारखेच्या आत मला लिही. बरोबर असेल तर लिहू नकोस.

त्या चारही घरी मी मेकॅनिक येऊन गेला त्याच संध्याकाळी जाऊन आलो होतो. कारण सांगितलं. दोघांनी गीझर त्याच दिवशी बंद केला, एकाने खिडकीचं दारच काढून टाकलं. चौथे म्हणाले, "इतके दिवस का नाही सांगितलंत?" त्यांना काय सांगणार, मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं आहे. पायाखाली घडी करून ठेवायला घरात कागद पुष्कळ आहेत, पण मी काही ठेवत नाही. चहा सांडतो. पुसतो.

मागच्या पत्रात, इथे घर आहे असं लिहिलं होतं. घर तिचं होतं. आणि तुला आशीर्वाद तीच द्यायची, मी नुसता तिच्या वतीने लिहायचो. या पत्रात तो लिहिलेला नाही, ते विसरून नव्हे.

तुझ्या ताईचा नवरा